तात्यांच्या टीव्हीवरची गया

पुणे, ३ नोव्हेंबर २०२४

प्रिय तात्या,

जयभीम. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलच्या बारक्या अक्षरांना तुम्ही हात लावत नाही. त्यामुळे आमच्या ऑफिसातली मी एकटीच अशी, जी जेवणाच्या सुट्टीत पोस्टाचं पाकीट शोधत फिरते. मैत्रिणींना वाटतं माझं कुठंतरी जमलंय. मी म्हणते, जमलंय, पण त्यांचं वय शहात्तर आहे आणि ते माझे थोरले चुलते लागतात.

हॉलमधल्या टीव्हीची सवय झाली का? काही करायचं नाही. टीव्ही चालू करून रिमोट खाली ठेवायचा आणि थोडा वेळ थांबायचं, की आपले फोटो सुरू होतात. माझ्या, आईच्या किंवा पप्पांच्या मोबाईलमध्ये घरच्यांपैकी कुणाचाही चेहरा आला की तो फोटो आपोआप तिथं जातो. मशीन चेहरे ओळखतं. फक्त तुमचा तरुणपणीचा फोटो त्याला पप्पांचा वाटतो, तेवढं चालवून घ्या. म्हटलं, तुम्हाला आवाज नको, चित्रं बरी. आम्ही कुठं आहोत, काय करतो, ते बसल्या जागी दिसेल.

आता वाईट बातमी. गयेची तिकिटं वेटिंगवरच राहिली. चारही रद्द करावी लागली. मला माहीत आहे तुम्ही किती मनावर घेतलं होतं. पुढच्या वर्षी नक्की जाऊ.

आणि आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरवलंय. आई-पप्पा तेराला माझ्याकडे येतील, दहा-बारा दिवस राहतील. तुमच्या जेवणाचं शेजारच्या सुंदरम्मांना सांगितलंय. तुम्ही काळजी करू नका.

तुमची,
बुद्धप्रिया

सोलापूर, ९ नोव्हेंबर

प्रियाबाईंना तात्याचा जयभीम,

पत्र मिळालं. सुंदरम्मानं माझ्याआधी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि हातवारे करून विचारलं, सगळे बरे आहेत का. मी म्हणालो, बरे आहेत, पण गया हुकली.

हुकली तर हुकली. वाईट वाटलं, ते लपवून काय करू? दोन महिने मी सकाळी चालत विहारापर्यंत जाऊन येत होतो, गुडघ्याला सवय व्हावी म्हणून. बिरप्पा सोबत यायचा. एमआयडीसीत आम्ही दोघं शेजारशेजारच्या मागावर होतो, तेव्हापासूनची जोडी. टॉवेलच्या मागांच्या खडखडाटात तोंडानं बोलून उपयोग नव्हता, म्हणून सगळं ओठांवर आणि बोटांवर चालायचं. त्या खडखडाटात दोघांचेही कान गेले, पण ओठांवरचं बोलणं राहिलं. आता रस्त्यानं आम्ही तसेच बोलत जातो आणि पोरं बघून हसतात.

तुला एक सांगायचं होतं, ते तोंडावर सांगता आलं नाही. नागपूरला जाताना मनमाडला मी पाण्याला उतरलो, शिट्टी ऐकू आली नाही आणि गाडी गेली. तुम्हाला सगळ्यांना लई त्रास झाला. तू तर साखळी ओढायला धावलीस, पुढच्या स्टेशनवर उतरून परत आलीस आणि मला बघून रडलीस. मी ठरवलंय, पुढच्या वर्षी गाडीत बसलो की गया येईपर्यंत खाली पाय ठेवणार नाही. तहान लागली तर लागू दे. हे तुझ्या लक्षात असू दे.

आईच्या डोळ्याची काळजी घे. मोतीबिंदूला हल्ली काही लागत नाही म्हणतात, पण डोळा तो डोळाच. वाटेत खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी देऊन पाठवतो. दवाखान्यातलं जेवण तिला उतरणार नाही.

तुझा तात्या

पुणे, २८ नोव्हेंबर

प्रिय तात्या,

उत्तराला उशीर झाला. ऑपरेशनच्या धावपळीत दिवस कसे गेले कळलं नाही. आता आई-पप्पा तुमच्याजवळ पोचलेच आहेत. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर चांगले होते. आईला काळा गॉगल महिनाभर लावायला सांगितलाय आणि थेंब दिलेत. ती घालायचा कंटाळा करेल, लक्ष ठेवा.

तुमची भाकरी-चटणी सगळ्यांनी खाल्ली. म्हणजे दवाखान्यातल्या लोकांनीसुद्धा मागून खाल्ली.

तुम्ही बरे होता ना? सुंदरम्मा वेळेवर डबा देत होत्या? आणि टीव्हीवर मधल्या काळात फोटो आले का काही? नाही, सहज विचारते. कधीकधी ही मशीन भलत्याच कुणाचे फोटो घुसडतात. तसं काही दिसलं असेल तर मनावर घेऊ नका.

मला तुमची फार आठवण आली. खरंच आली. पुढच्या सुट्टीत आले की आपण दोघं हुतात्मा बागेत जाऊन बसू, तुम्हाला आवडतं तसं.

तुमची,
प्रिया

सोलापूर, ५ डिसेंबर

प्रियाबाई,

तुझ्या आईची तब्येत उत्तम. सकाळ-संध्याकाळ थेंब मीच घालतो. तिला म्हणालो, तू आडवी हो, माझा हात अजून स्थिर आहे. ती डोळे गच्च मिटते. मी म्हणतो, "अगं उघड की, थेंब आत जायचा कसा?" डॉक्टर मोठा हुशार दिसतो. डोळ्याला लाली नाही, सूज नाही, कुठं काही केल्याची खूणच नाही. फक्त चेहरा रापलाय. पुण्याच्या दवाखान्यात ऊन लई लागतं वाटतं.

तुझा बाप प्रदीप आल्यापासून माझ्याशी कमी बोलतो. बोलतो तेव्हा मान खाली घालतो, मग मला ओठ दिसत नाहीत. थकला असेल. त्याला म्हणालो, चार दिवस आराम कर.

फोटोचं विचारलंस. मला काही भलतंसलतं दिसलं नाही. दिसले ते आपलेच. मग मधेच एक दिवस यायचे बंद झाले, आणि आता टीव्हीवर कुठल्यातरी परदेशातले डोंगर नि तळी येतात. बर्फ लई आहे. मी रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली. तू आलीस की सवडीनं बघ.

उद्या सहा डिसेंबर. संध्याकाळी विहारात वंदनेला जाणार. तुझ्या आईनं गॉगल लावून यायचं ठरवलंय. अंधारात गॉगल लावून कशी चालेल तीच जाणे, मी हात धरीन.

तात्या

पुणे, १६ डिसेंबर

तात्या,

काल आईचा रडत फोन आला. सुंदरम्मा दारात उभ्या राहून तिला म्हणाल्या, "गयाला लई धूळ असती काय गं? डोळं बिघडवून आलीस की." आणि मग म्हणाल्या, "फोटो आमी समद्यांनी बघितलं, तात्यानं बोलावून दाखिवलं."

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. आई थेंबांसाठी आडवी झाली तेव्हासुद्धा माहीत होतं. ती म्हणते, धरणी दुभंगून पोटात घ्यावं असं झालं. गॉगल तिनं कचऱ्यात टाकलाय.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सरळ लिहिते. तिकिटं वेटिंगवर नव्हती. चारही पक्की होती. मी तुमचं एक रद्द केलं. आई-पप्पांना मी पटवलं. पप्पा आधी तयार नव्हते. मी म्हणाले, मनमाडला मिळाले हे नशीब, बिहारमध्ये हरवले तर कुठं शोधायचं? त्यांना ऐकू येत नाही, गर्दीत हाक मारता येत नाही, दर तासाला बाथरूम लागते. डोळ्याच्या ऑपरेशनची कल्पनाही माझीच. आजारपणाचं कारण सांगितलं की माणूस पुढे प्रश्न विचारत नाही, हे मी ऑफिसात रजा मागताना शिकले. ते तुमच्यावर वापरलं.

आणि टीव्हीचं मी विसरले. स्वतः लावून दिला आणि स्वतःच विसरले. चेहरे ओळखणाऱ्या मशीनला तुमच्यापासून काय लपवायचं होतं ते कुठं माहीत होतं.

गयेत मला आनंद झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पहाटे बोधिवृक्षाखाली बसलो होतो. जगभरातली माणसं आपापल्या भाषेत हळू आवाजात वंदना म्हणत होती. शेजारी एक म्हातारी परदेशी बाई होती, तिनं माझ्याकडे बघून नुसते हात जोडले. मी मोबाईल बाहेर काढला, फोटो घेतला, मग दुसरा घेतला, मग तो चांगला आला का ते बघत बसले. मान वर केली तेव्हा ती बाई उठून गेली होती. आईनं झाडाखालचं एक पान तुमच्यासाठी वेचलं. पण घरी आल्यावर देणार कसं? ते गॉगलच्या डबीत लपवलं होतं. काल तिनं ते तुमच्या उशाशी ठेवलंय म्हणाली.

नंतर फोटो यायचे बंद झाले, ते राजगीरच्या पुढं कुठंही रेंज नव्हती म्हणून. नंतर मग तसंच राहून गेलं.

मला माफ करा असं लिहायची लाज वाटते. तुम्ही रागावून लिहा. काय वाटेल ते लिहा.

प्रिया

सोलापूर, २४ डिसेंबर

चि. प्रिया,

रागवायचं तर कुणावर? तुझी आई दोन दिवस माझ्यासमोर आलीच नाही, ताट दारातून सरकवायची. शेवटी मीच म्हणालो, "पान लई छान हाय, ठेवलं मी, आता बाहेर ये." प्रदीप जेवताना रडला. पन्नाशी ओलांडलेला माणूस आमटीत रडतो, ते बघवलं नाही.

तर ऐक आता कसं झालं ते. पहिला फोटो सारनाथचा आला. मी दुपारचा डबा खात होतो. बघितलं तर तुझी आई स्तूपासमोर उभी, आणि डोळे चांगले टक्क उघडे. घास हातातच राहिला. मला समजायला वेळ लागला नाही. एकदा वाटलं टीव्ही बंद करावा. पण मग गया आली. झाड आलं. ज्या झाडाचं चित्र मी लहानपणापासून भिंतीवर बघितलं, ते पानं हलवत माझ्या हॉलमध्ये आलं. मी बंद कसं करणार?

सुंदरम्मा डबा न्यायला आली, तिनं बघितलं. मग ती म्हणाली, "तुमी का न्हाई गेलात?" मी म्हणालो, मीच नको म्हणालो, माझे गुडघे, तुम्ही जाऊन या म्हणून मीच पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीतल्या बायका आणल्या. बिरप्पा रोज यायचा. खुर्च्या कमी पडल्या, मग सतरंजी टाकली. सगळ्यांना म्हणालो, ते परत आल्यावर गप्प बसा, मला त्यांची गंमत करायची आहे.

काही फोटो थोडे हलतात, पण आवाज नसतो. लोकांना कळेना कोण काय बोलतंय. मग माझी किंमत वाढली. माझ्या आणि बिरप्पाच्या कानांना काही येत नसेल, पण ओठ हलले की पुरे. मी वाचून सांगायचो. तुझी आई म्हणत होती, चप्पल कुठं काढायची. प्रदीप म्हणत होता, चहा पाणचट आहे. राजगीरला रोपवेच्या रांगेत तू हसत काहीतरी बोललीस. सगळ्यांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, प्रिया म्हणती, तात्या असायला पायजे होते. बायकांचे डोळे भरून आले. बिरप्पा माझ्याकडे बघत राहिला.

त्याच्यानंतरचा फोटो तुझ्या आईचा. रोपवेच्या खुर्चीत एकटी, पाय अधांतरी, खाली दरी, डोळे मिटलेले. आणि मग काही नाही. डोंगर आणि बर्फ.

संध्याकाळपर्यंत मी म्हणालो, येतील. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. सुंदरम्मानं प्रदीपला फोन लावला, मग तुला. "वाजतोय, उचलत न्हाईत," म्हणाली. दोन्ही वाजतात आणि कुणी उचलत नाही म्हटल्यावर मला घरात बसवेना. मी वाचनालयात जाऊन सगळे पेपर उलटेपालटे केले, कुठं रोपवेचं काही छापलंय का. मोबाईलच्या दुकानात गेलो, पोराला कागदावर लिहून दिलं, बिहारात पाळणा तुटलाय काय ते बघ. त्यानं बघितलं आणि काहीतरी बोलला, पण तोंडात मावा होता, मला ओठ लागेनात. स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत गेलो. आतल्या माणसाच्या तोंडासमोर माईक. तो बोलतोय आणि मला माईकच दिसतोय. मागचे लोक ढकलायला लागले. मी बाजूला होऊन फलाटावर बसलो. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं, कान असायला पाहिजे होते.

ते दोघं दारात आले, तेव्हा मी तुझ्या आईचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. तिला वाटलं डोळ्यासाठी. मी बघत होतो, ती खरी आहे का.

रेंज नव्हती म्हणालीस, बरं वाटलं. डोंगराळ भागात फोन नुसताच वाजतो, फोटो येत नाहीत, असं होतं म्हणतात. एवढं साधं कारण होतं आणि मी वेडा काय काय समजत बसलो. आता सोडून दे. मीही सोडलं.

तुझा तात्या

पुणे, ३१ डिसेंबर

तात्या,

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. आमची कंपनी लोकांना त्यांचं पार्सल कुठपर्यंत आलंय ते मोबाईलवर दाखवते. एखाद्याचा टॉवेल तासभर जरी नकाशावरून नाहीसा झाला, तरी तो चिडून फोन करतो आणि मी त्याची माफी मागते. माझं कामच ते आहे. आणि तुम्ही मोबाईलच्या दुकानात कागद घेऊन उभे होतात.

राजगीरला रेंज होती. चांगली होती.

त्या संध्याकाळी लॉजवर मी मोबाईल चाळत होते, तर वर बारीक अक्षरांत लिहून आलं की हॉलमधल्या टीव्हीवर तुमचे फोटो दाखवले जात आहेत. म्हणजे तात्या सगळं बघतायत. तेव्हा मी काय करायला हवं होतं? तिथल्या तिथं सुंदरम्मांना फोन लावून तुम्हाला निरोप द्यायला हवा होता. किंवा निदान फोटो येऊ द्यायचे. मी एक बटण दाबलं आणि फोटो बंद केले. मनाला समजावलं, कदाचित त्यांनी टीव्ही लावलाच नसेल. आई-पप्पांना सांगितलं नाही. सोलापूरचा फोन आला तर उचलू नका, मागून हिंदी ऐकू येईल, एवढं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं. सुंदरम्मांचे मिस्ड कॉल मी बघितले. रात्री करू म्हटलं. रात्री जेवायला गेलो.

आणि रोपवेच्या रांगेत मी काय म्हणाले ते तुम्ही वाचलंत. मला माहीत आहे वाचलंत. लहानपणी मी अंगणाच्या पलीकडून नुसतं पुटपुटले तरी तुम्हाला कळायचं. "बरं झालं तात्यांना आणलं नाही." हेच शब्द होते. हसत म्हणाले होते. तुम्ही सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायकांना उलटंच सांगितलंत. बिरप्पाकाकांनाही ओठ वाचता येतात. म्हणजे त्यांनाही कळलं, आणि तेही गप्प बसले.

तात्या, मला झोप लागत नाही. तुम्हाला न नेण्याबद्दल मी स्वतःला काहीतरी सांगू शकते, भीती होती, जबाबदारी होती. पण ते बटण मी तुमच्या भल्यासाठी दाबलं नव्हतं. मला तुमच्याकडे बघावं लागू नये म्हणून दाबलं. आणि मागच्या पत्रात, सगळं कबूल करते म्हणता म्हणता, पुन्हा खोटं लिहिलं.

मी फेब्रुवारीची दोन तिकिटं काढलीत. फक्त तुम्ही आणि मी. खालचे बर्थ आहेत. मी डोळ्यात तेल घालून बसेन, तुम्ही मनमाडला हवं तर दहा वेळा उतरा. नाही म्हणू नका.

प्रिया

सोलापूर, १२ जानेवारी २०२५

प्रिया,

मागच्या वेळी म्हणालो होतो, राग नाही. या वेळी आहे. तो लिहून टाकतो, म्हणजे तुझ्यामाझ्यात कुजत राहायला नको.

मला नेलं नाहीस, ते मी पहिल्या फोटोलाच माफ केलं होतं. मनमाड माझ्यामुळं झालं. तुझ्या जागी मी असतो तर मीही घाबरलो असतो. रांगेत बोललीस, तेही मी सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला नेलं नाही तर बरं वाटतंच, कुणी बोलून दाखवतं, कुणी नाही, तेवढंच. गल्लीला मी उलटं सांगितलं, ते तुझ्यासाठी नव्हे. घरच्यांनी याला मागं ठेवलं, हे बायकांच्या तोंडावर मला दिसायला नको होतं. तेवढी लाज मलाही आहे.

पण तुला कळलं होतं की पलीकडं मी बसलोय. कळल्यावर बंद केलंस. माझ्या लहानपणी आमच्या गावात कुणाच्या अंगणात गेलो की आतून दार लागायचं. माझा बाप म्हणायचा, चला पुढं. मी पुढंच चालत आलो, सोलापूरपर्यंत, मागापर्यंत, तुझ्या शाळेच्या दारापर्यंत. म्हटलं, या पोरीच्या पुढ्यात कुणी दार लावणार नाही. दार लावायला तूच शिकशील आणि पलीकडं मी असेन, हे माझ्या डोक्यात आलं नाही. वाईट वाटतंय, आणि तुला वाटावं म्हणूनच लिहितोय.

तू खरं सांगितलंस, ते बरं केलंस. न सांगतीस तर मला कधीच कळलं नसतं. मी मरेपर्यंत रेंजवर विश्वास ठेवला असता. एवढं मोठं खोटं हातात असताना तू ते सोडून दिलंस, ते मी विसरणार नाही. पण तिकिटं रद्द कर. तिकीट रद्द करायला तुला येतं.

विहारातली माणसं पुढच्या रविवारी बस घेऊन निघतात. सारनाथ, गया, राजगीर, कुशीनगर. मी नाव दिलंय. बिरप्पापण येतोय. तो म्हणाला, "तुझा देव माझा न्हवं, पर तुज्या संगं कुणीतरी पायजे की." दोघांत चार कान आहेत आणि एकही चालत नाही, पण बस माणसं मोजल्याशिवाय हलत नाही, हे मी विचारून घेतलंय. तिकडं थंडी लई असते म्हणून दोन चादरी घेतल्यात. तुझ्या आईनं भाकऱ्या करायला घेतल्यात. प्रदीप बसपर्यंत सोडायला येणार आहे. त्यालाही बसमध्ये चढावंसं वाटतंय, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मी त्याला ये म्हणालो नाही.

मोबाईल घेऊन जाणार नाही. फोटो काढणार नाही. प्रदीपला आणि सुंदरम्माला बजावलंय, विहारातल्या कुणाला फोन लावायचा नाही, आणि तू विचारलंस तरी काही सांगायचं नाही. गयेला झाडाखाली बसून झालं की तिथल्या पोस्टात तुझ्या नावानं एक पत्र टाकीन. ते पुण्याला कधी मिळेल ते मला माहीत नाही. मिळेपर्यंत बस कुठं आहे, म्हातारा कुठं उतरून राहिला का, पडला का, थंडीनं आजारी पडला का, तुला काही कळणार नाही. तुझ्या मनात नाही नाही ते येईल. येऊ दे.

मी सुखरूप असेन, प्रिया. पण तू वाट बघ.

तुझा तात्या